झोळी घेऊन धावू इच्छिणाऱ्यांस

जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सूर्योदयास अद्याप पुष्कळ अवकाश असताना, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर ४२.१९५ किलोमीटर धावण्याच्या तयारीने जो हजारोंचा समुदाय उभा राहतो, त्यात कित्येकांनी स्वतःच्या प्रकृतीसाठी, कित्येकांनी पैजेखातर आणि कित्येकांनी एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी द्रव्य जमविण्याच्या संकल्पाने नाव घातलेले असते. या तिसऱ्या वर्गात आपणही सामील व्हावे, आणि तेही ज्यांचा आजार वैद्यकाच्या हाताबाहेर गेला आहे अशा रुग्णांचे अखेरचे दिवस सुसह्य करणाऱ्या रुग्णालयासाठी वा शुश्रूषागृहासाठी, असे ज्यांच्या मनाने घेतले असेल, त्यांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगण्याचा विचार आहे. धावण्याच्या शास्त्रावरील पुस्तके बाजारात मुबलक आहेत, आणि फुकट सल्ला देणाऱ्यांची तर प्रत्येक उद्यानात रेलचेल आहे. सबब पायांविषयी जे सांगावयाचे ते उत्तरार्धात, थोडक्यात सांगेन. माझ्या समजुतीप्रमाणे या उपक्रमाचा अवघड भाग पायांचा नसून तोंडाचा आणि वहीचा आहे: मागावे कसे, आणि मागून आलेल्याचा जमाखर्च ठेवावा कसा.

मुंबईत धावणे आणि रुग्णसेवा यांची गाठ पडावी याला इतिहासाचाही थोडा आधार आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ मधील क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून, त्या संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचे मनावर घेतले, आणि पुढल्याच वर्षी अँटवर्पला गेलेल्या तुकडीतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. याच दोराबजींच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. वर्ष पुरे होण्याच्या आत दोराबजीही गेले. आणि त्यांच्या नावाच्या न्यासाने परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उभे केले. २००४ साली सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉनलाही आता टाटांचेच नाव लागलेले आहे. हा केवळ योगायोग, त्याचा फार अर्थ काढण्याचे कारण नाही. पण देणगी मागावयास गेलेल्या माणसाला बोलणे सुरू करण्यास असा एखादा धागा हाताशी असलेला बरा.

ज्यासाठी मागावयाचे ते काम आधी नीट समजून घ्यावे. रोग बरा करण्यासाठी झगडणारे रुग्णालय निराळे, आणि रोग बरा होणार नाही हे स्वीकारून वेदना, श्वास लागणे, जखमा, निद्रानाश, भय आणि घरच्यांची तारांबळ यांवर उपाय करणारी उपशामक शुश्रूषा निराळी. वांद्र्यास माउंट मेरीच्या टेकडीवर डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले शांती आवेदना सदन हे या देशातील पहिले हॉस्पिस. पुण्यास वारज्याला सिप्लाच्या प्रतिष्ठानाचे केंद्र १९९७ पासून हेच काम करीत आहे. आणि कोझिकोडला १९९३ मध्ये निघालेल्या संस्थेने तर गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर, रुग्णाला संस्थेत आणण्याऐवजी संस्थेनेच रुग्णाच्या घरी जाण्याची पद्धत केरळभर रूढ केली.

हे घरी जाणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग होऊन गाल फुटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या घरी परिचारिका जाते, तेव्हा पुष्कळदा आतल्या खोलीचे दार ओढून घेतलेले असते, बाहेर उदबत्ती लावलेली असते, नातवंडांना तिकडे फिरकू देत नाहीत, आणि या सगळ्याचे कारण आत पडलेल्या माणसाला पुरते ठाऊक असते. ती कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुते, मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्यांची पूड करून जखमेवर भुरभुरते, वर स्वच्छ गॉझ ठेवते, आणि हे सारे घरच्या सुनेच्या वा मुलाच्या हातून एकदा करवून घेते; काही दिवसांत दुर्गंधी ओसरते आणि दार उघडे राहू लागते. यात औषधाची किंमत क्षुल्लक आहे. महाग आहे ते त्या परिचारिकेचे शिक्षण, तिचे वेतन, तिला तिथवर नेणाऱ्या गाडीचे इंधन, आणि रात्री अकरा वाजता घाबरून केलेला दूरध्वनी उचलणारे माणूस.

मॉर्फिनचेही तसेच. दर चार तासांनी एक मात्रा, निजताना दुप्पट, म्हणजे रात्री दोन वाजता रुग्णाला उठवावे लागत नाही. आणि जोडीला रेचक हटकून, कारण या औषधाने मलावरोध होतो म्हणजे होतोच. गोळी स्वस्त आहे, परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने तिच्याभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की अनेक रुग्णालयांनी ती ठेवण्याचेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने ते कुंपण पुष्कळ सैल झाले. तथापि मान्यताप्राप्त संस्था, प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळीगोळीचा हिशेब ठेवणारी नोंदवही यांवाचून आजही ती रुग्णापर्यंत पोचत नाही. तात्पर्य, तुम्ही जमविलेला पैसा बहुतांशी पगारात, इंधनात आणि नोंदवह्यांत जाणार आहे. देणगीदाराला यंत्रावर आपले नाव कोरलेले आवडते आणि परिचारिकेच्या पगारावर नाव कोरता येत नाही, ही या कामाची मुख्य अडचण होय. ती ध्यानात ठेवूनच पुढची आखणी करावी.

संस्था निवडताना केवळ तिच्या पुस्तिकेवर विसंबू नये. समक्ष जावे, आगाऊ वेळ ठरवून जावे, आणि रुग्णांच्या खाटांमधून प्रदर्शन पाहिल्यासारखे हिंडू नये. कार्यालयात बसून व्यवस्थापकाशी आणि जमल्यास एखाद्या परिचारिकेशी बोलावे, म्हणजे पुरे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला, आयकर खात्याची ८०-जी या नावाने ओळखली जाणारी मान्यता आणि तिची मुदत, व गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद पाहावयास मागण्यात संकोच नसावा; चांगल्या संस्थेला अशा मागणीचा राग येत नाही, आणि जिला येतो तिच्यासाठी आपण धावू नये. मग दोन आकडे विचारून घ्यावेत: एका गृहभेटीस सरासरी काय खर्च पडतो, आणि एका खाटेचा एका दिवसाचा खर्च किती. तुमचे सारे मागणे या दोन आकड्यांवर उभे राहणार आहे, म्हणून ते संस्थेकडून लेखी घ्यावेत. अंदाजाने स्वतः ठरवू नयेत.

मुंबईच्या शर्यतीत धर्मादायाचा कारभार युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. तिच्याकडे ज्या संस्थांची त्या वर्षासाठी नोंद झालेली असते, त्यांच्या नावे धावणाऱ्यांसाठी काही क्रमांक राखून ठेवलेले असतात. मात्र त्यांबरोबर ठराविक रक्कम जमविण्याचे बंधन येते. ते न झेपल्यास काय होते, फरक कोणी भरावयाचा, आणि जमलेल्या रकमेतून प्रक्रियेचा खर्च किती वजा होतो, हे नाव घालण्यापूर्वी विचारावे. मागाहून विचारणे म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका जुळविणे होय. तुमची संस्था त्या यादीत नसली तरी बिघडत नाही. साध्या मार्गाने प्रवेश घेऊन, संस्थेच्या लेखी अनुमतीने, तिच्यासाठी मागता येते. पूर्ण मॅरेथॉनसाठी पूर्वी एखादी दीर्घ शर्यत पुरी केल्याचा दाखला प्रायः मागितला जातो. ज्यांच्यापाशी तो नसेल त्यांनी या वर्षी अर्ध्या मॅरेथॉनवर किंवा १० किलोमीटरवर समाधान मानावे. देणगीदार किलोमीटर मोजून पैसे देत नाही.

आता पैशाविषयी. पहिला आणि अपवादरहित नियम असा की देणगीची एक पैही आपल्या खाजगी खात्यातून जाता कामा नये. हेतू कितीही निर्मळ असला तरी दोन खाती एकदा मिसळली की ती उलगडून दाखविता येत नाहीत. धनादेश संस्थेच्या नावे, बँकेतून परस्पर भरणा संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेकडून. कोणी आग्रहाने रोख रक्कम हातात ठेवलीच तर त्याच दिवशी नाव, पत्ता आणि रक्कम लिहून घ्यावी व दुसऱ्या दिवशी ती संस्थेत भरून पावती त्याला पोचती करावी. २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास दात्याला आयकराची सवलत मिळत नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगावे. एरवी अशा न्यासांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर, उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत, वजावट मिळते. परंतु जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यासच ती मिळते, नव्या पद्धतीत नाही, आणि संस्थेने पॅन क्रमांकासह आयकर खात्यास कळवून दिलेले प्रमाणपत्र त्यासाठी लागते. म्हणून पॅन क्रमांक देणगीबरोबरच मागून घ्यावा; एप्रिलात त्यासाठी दारोदार फिरण्याची पाळी येऊ देऊ नये.

परदेशस्थ आप्तांबाबत विशेष दक्षता हवी. दुबईत वा लंडनमध्ये राहणारा, पण भारतीय पारपत्र बाळगणारा तुमचा मावसभाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवील तर ती परदेशी देणगी ठरत नाही. न्यू जर्सीतल्या आत्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ठरते, मग तिचे मन कितीही कोल्हापूरचे असो. तसली रक्कम परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील त्यासाठी उघडलेल्या खात्यातच. संस्थेची अशी नोंदणी नसेल तर आत्याला प्रेमाने नाही म्हणावे. तिच्या शंभर डॉलरांपायी संस्थेमागे चौकशीचा ससेमिरा लागावा, हे कोणालाच नको असते.

मागण्याचे शास्त्र कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि आपल्या मध्यमवर्गाला तर मागण्याची उपजतच लाज. भीड भिकेची बहीण, असे म्हणतात ते खरे आहे; तथापि महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी लहानलहान वर्गण्या मागत जे दिवस काढले, आणि गाडगेबाबांनी ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, ते सर्व भीड बाजूस ठेवल्यावाचून झालेले नाही. परळच्या रुग्णालयात उपचारासाठी आलेले कित्येक खेडूत रुग्ण आणि त्यांची माणसे आजही दादरला बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात.

या कामात रक्कम लहान की मोठी याला फारसे महत्त्व नाही, हे सांगताना मला डेव्हिड टास्माची आठवण होते. वॉर्साहून निर्वासित होऊन लंडनला आलेला आणि उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा हा पोलिश ज्यू १९४८ मध्ये कर्करोगाने रुग्णालयात मरणपंथास लागला असता, समाजसेविका सिसिली साँडर्स त्याच्याशी बोलत बसे. मरताना त्याने तिच्या मनातल्या शुश्रूषागृहाच्या एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेवले. त्या बाईंनी पुढे वैद्यकाची पदवी घेतली आणि १९६७ मध्ये दक्षिण लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. आधुनिक उपशामक शुश्रूषेचा आरंभ तेथून धरतात. पहिल्या देणगीपासून पहिल्या खाटेपर्यंत १९ वर्षे लागली, हे अधीर देणगीदारांना आणि त्याहून अधीर धावपटूंना अवश्य सांगावे.

मागण्याच्या पत्रात काय नसावे हे आधी सांगतो, कारण तेथेच बहुधा घसरण होते. “जीव वाचवा” असे लिहू नये. या पैशाने कोणाचा जीव वाचणार नाही, आणि वाचेल असे भासविणे ही, कितीही पुण्यकारक असली तरी, लबाडी आहे. रुग्णाचे छायाचित्र घालू नये; मरणोन्मुख माणसाने दिलेली संमती ही खरोखरच मोकळ्या मनाने दिलेली असते की नाही, याची खात्री कोणालाच देता येत नाही. आणि आपल्या पोटऱ्यांच्या दुखण्याची रुग्णाच्या वेदनेशी तुलना तर चुकूनही करू नये. तुमचे दुखणे तुम्ही होऊन पत्करलेले, त्याची मुदत ठरलेली आणि शेवटी गळ्यात पदक घालणारे असते. त्याचे दुखणे यांपैकी काहीच नसते. पुष्कळ आवाहनांत ही तुलना मोठ्या आवेशाने केलेली आढळते, आणि ज्याच्या घरात असा रुग्ण होऊन गेला आहे त्याला ती वाचताना काय वाटत असेल, याचा लिहिणाऱ्यास पत्ताही नसतो.

पत्र साधे, नावानिशी आणि एकेकट्याला लिहिलेले असावे. शंभर माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला मजकूर हा कोणालाच उद्देशून नसतो, म्हणून कोणीच तो मनावर घेत नाही. नमुन्यादाखल असे लिहिता येईल:

“सप्रेम नमस्कार वि. वि. येत्या जानेवारीत मी मुंबईची मॅरेथॉन धावणार आहे. अमुक संस्थेच्या परिचारिका, बरे न होणारे रुग्ण जेथे असतील तेथे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या वेदना शमवितात. ते काम मी समक्ष पाहून आलो आहे. एका भेटीस संस्थेस इतके रुपये खर्च येतो. तीन भेटींचा भार आपण उचलावा, अशी विनंती आहे. रक्कम परस्पर संस्थेच्या खात्यात भरावी, पावती तेथून येईल. प्रवेशशुल्क, बूट व प्रवास यांचा खर्च माझा मी करीत आहे. तूर्त शक्य नसल्यास तसे निःसंकोच कळवावे. कळावे, लोभ असावा.”

यातील “तीन भेटी” हे शब्द महत्त्वाचे. “यथाशक्ति” म्हटले की माणूस आपली शक्ती फार नम्रपणे आजमावतो; आकडा दिला की निदान त्याच्या आसपास विचार सुरू होतो. पहिली देणगी आपली स्वतःची असावी आणि ती यादीत दिसावी. मग जवळचे आप्त, मग स्नेही, मग कचेरीतील सहकारी, आणि सर्वांत शेवटी वरिष्ठ; वरिष्ठाचा आकडा पाहून बाकीचे आपले आकडे खाली ओढतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. तगादा एकदा दिवाळीनंतर आणि एकदा शर्यतीच्या आठवड्यात, याहून अधिक नको. शर्यत पुरी झाल्यावर मात्र तिसरे स्मरण अवश्य पाठवावे, कारण हा खरेच धावतो की नाही हे पाहून मग खिशात हात घालणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांत गैर काही नाही.

काही घरी नकार येईल तो पैशामुळे नव्हे, तर विषयामुळे. सणासुदीच्या दिवसांत मरणाचे बोलणे नको, असे एखाद्या काकूंनी म्हटले तर वाद न घालता चहा पिऊन उठावे. काही ठिकाणी याच्या उलट घडेल: तुमचे दोन शब्द होतात न होतात तोच समोरचा माणूस आपल्या आईचे अखेरचे पंधरा दिवस सांगू लागेल, अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर आपण कसे उभे होतो हे सांगेल, आणि तासाभराने त्याच्या ध्यानात येईल की तुम्ही कशासाठी आला होता ते राहूनच गेले. अशा वेळी तुम्हीही ते काढू नये. मागावयास जाणाऱ्याने ऐकून घेण्याचीही तयारी ठेवूनच जावे. देणगी मागाहून येते, आणि न आली तरी तो तास फुकट गेला असे समजू नये.

एक प्रश्न हमखास येईल: “म्हणजे हे इच्छामरणच ना?” याचे उत्तर स्पष्ट हवे. हॉस्पिस मरण ओढून आणीत नाही आणि लांबणीवरही टाकीत नाही. उरलेला काळ वेदनारहित जावा एवढेच पाहते. निरुपयोगी उपचार नकोत, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली, ही गोष्ट खरी. पण तो विषय वेगळा, आणि त्याच्या चर्चेत देणगीचे बोलणे वाहून जाऊ देऊ नये.

आता पायांकडे वळू. एका दमात तासभर सावकाश धावता येत असेल तर जानेवारीच्या शर्यतीसाठी ऑगस्टपासूनची तयारी पुरे. येत नसेल तर एक वर्ष थांबावे. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकाराचा घराण्यात इतिहास असलेल्यांनी, कोणत्याही वयात, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्यावाचून आरंभ करू नये. आठवड्यातून चार दिवस धावणे, एक दिवस बळ वाढविणारा व्यायाम आणि निदान एक दिवस निखळ विश्रांती, असा क्रम सामान्य नोकरदाराला झेपतो. रविवारची लांब धाव हळूहळू वाढवीत शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यावी आणि तेथून उतरत यावे. शेवटच्या आठवड्यांत अधिक धावून कोणाची शक्ती वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो. बहुतेक धावा शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या मंद असाव्यात. हा नियम सगळ्यांना पटतो आणि फारच थोडे पाळतात.

मुंबई-पुण्याकडे या तयारीचा आरंभ भर पावसात होतो. ओल्या मोज्यांनी पायाला फोड येतात, साचलेल्या पाण्याखाली खड्डा असतो, आणि कोकणपट्टीतल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. म्हणून वेगाचा हव्यास न धरता वेळेचा हिशेब ठेवावा. गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांत वेळापत्रक मोडणारच, ते धरूनच आखावे. फराळाच्या ताटासमोर धावपटूने वैराग्य दाखविण्याची गरज नाही, फक्त दुसऱ्या दिवशी उठावे. जांघा, काखा आणि स्तनाग्रे यांना व्हॅसलीन लावल्यावाचून लांब धाव धावू नये. हे कोणी सांगत नाही आणि एकदा रक्ताळल्यावर कोणी विसरत नाही.

शरीरातील साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरच्या सुमारास संपत येतो, आणि मुंबईच्या शर्यतीत परतीच्या वाटेवरचा पेडर रस्त्याचा चढही नेमका त्या पुढेच गाठतो. म्हणून दर पाऊण तासाने खजूर, चिक्की, केळे वा जेल यांपैकी जे सरावात पचले असेल ते घ्यावे, भूक लागण्याची वाट पाहू नये. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करणाऱ्यांच्या रक्तातील सोडियम उतरून त्यांना झटके येऊ शकतात, आणि हा धोका उन्हाच्या धोक्याइतकाच खरा आहे. मधूनमधून मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. धावताना वा धावण्यापूर्वी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, मूत्रपिंडांवर त्यांचा दुष्परिणाम होतो. इतरांच्या वेदनाशमनासाठी धावणाऱ्याने स्वतः मात्र ती गोळी टाळावी, यात विनोद असला तरी सल्ला गंभीर आहे. आदल्या रात्री नेहमीचा वरणभात, पहाटे सवयीचे काहीतरी हलके, आणि अंगावर नवे काहीही नको, बूट तर नकोतच.

पेडर रस्त्यावर इमारतींतून बायका-मुले खाली येऊन संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मिठाचे खडे घेऊन उभी असतात, ढोल वाजत असतात, आणि अनोळखी माणसे क्रमांकावरचे नाव वाचून हाक मारतात. तेथे चालावे लागले तर खुशाल चालावे. छातीत दुखणे, भोवळ येणे, घाम अकस्मात थांबणे यांपैकी काही झाल्यास मात्र तत्काळ थांबून वैद्यकीय चौकीत जावे. शर्यत अपुरी राहिली म्हणून कोणी देणगी परत मागत नाही. तशी भीती मनात धरून धावणे हाच खरा धोका.

ज्यांचे स्वतःचे माणूस नुकतेच अशा शुश्रूषेत गेले आहे, त्यांना संस्थेबद्दल वाटणारी कृतज्ञता ताजी असते आणि तिच्या भरात ते त्याच वर्षी नाव घालतात. त्यांनी पहिले वर्षश्राद्ध होऊ द्यावे असे मी सुचवीन. एकट्याने चालणाऱ्या तीन-तीन तासांच्या धावांत मन कोठे जाते ते आधी सांगता येत नाही, आणि त्यावर दर आठवड्याला देणगीचे पत्र लिहावयाचे म्हणजे दुःखाचाच व्यवसाय होऊन बसतो. बहुतेक चांगल्या संस्थांत मृतांच्या नातेवाइकांशी बोलणारे समाजसेवक असतात. तोवर त्यांची भेट घेत राहावे. ज्यांना थांबवत नसेल त्यांनी मागण्याचे काम भावाकडे वा मैत्रिणीकडे सोपवून आपण फक्त धावावे.

शर्यतीनंतर महिन्याच्या आत हिशेब पाठवावा. एकूण किती जमले, त्यातून प्रक्रियेचा किती खर्च वजा झाला, संस्थेच्या खात्यात किती पोचले आणि तेवढ्यात किती भेटी वा किती खाटा-दिवस भागतात, एवढे एका पानावर मावते. देणाऱ्यांची नावे घालावयाची तर प्रत्येकाला विचारून, आणि रकमा नकोतच. संस्थेची गरज दरमहाची असते आणि तुमची शर्यत वर्षातून एकदाची, म्हणून याच पत्रात दरमहा लहान रक्कम बँकेतून परस्पर देण्याची सोय संस्थेत आहे, एवढे एका ओळीत कळवावे. देणगीदारांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक संस्था मागाहून मागतेच. ते स्वाधीन करण्यापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यावी, आणि ज्याने दिली नाही त्याचे नाव खोडून मगच यादी पाठवावी.